भाग सहावा

टीव्हीवर आमचं बंदर निळं दिसतं.
एवढं निळं ते आम्हाला कधी दिसलं नाही.

हर्णैच्या लिलावात त्या संध्याकाळी
सात स्पर्धक, दहा-दहा हजारांची पाकिटं,
जास्त नफा काढील तो पुढच्या फेरीत.
लाल शर्टवाल्या पोराने माझी सुरमई
अकराशेला घेतली.
"कट," कोणीतरी ओरडलं. "ऊन ढगात गेलं. परत."

परत घेतली. नऊशेला.
तिसऱ्यांदा मीच विसरले कितीला द्यायची,
आणि तोवर कल्ले काळपट पडलेले.
"दर परत बोलेन हो,
मासा कुठून परत आणू?"
सगळे हसले. ते काही त्यांनी ठेवलं नाही.

पोरगा बाद झाला.
पाजपंढरीत चोगल्यांच्या पडवीवर
अख्खी आळी बघत होती.
परीक्षक म्हणाला,
"याला गिऱ्हाईक वाचता येत नाही."
द्वारकीने चॅनल बदललं, मग परत लावलं.

दिसलं नाही ते एवढंच:
दिवे, वायरी टेंपोत चढल्यावर
तो चपला हातात घेऊन चिखलातून आला.
"मावशी, शेवटच्या वेळचे पैसे
दिले का कोणी?"
नव्हते दिले.
त्याने खिसा उलटा केला,
दापोलीच्या एसटीपुरते चाळीस मागे ठेवले.
मोजायचे नाहीत असं ठरवलं होतं.
तीनशे ऐंशी होते.

खारवलेल्या दोन तुकड्या
कागदात बांधून दिल्या त्याला.

आता जाहिरातीत रोज माझा आवाज येतो:
अकराशे एकदा,
अकराशे दोनदा,
आणि लगेच साबण.