वर वेगळं, खाली वेगळं

सावद्याच्या बाजारातून साडेचार मीटर सुती आणलं,
पन्ना छत्तीसचा,
गेरूच्या रंगावर पांढऱ्या वेली, सगळ्या वर चढणाऱ्या.
म्हणजे उलटं कापून चालणार नाही,
कतरणीलासुद्धा डोकं आणि पाय.

रात्रभर बादलीत बुडवून ठेवलं.
जे आटायचंय ते आधीच आटू दे.
सकाळी पाणी विटेसारखं लाल,
आणि दोरीवर कापड नऊच्या आत कडक.
मे महिन्यात आमच्याकडे
अर्धी इस्त्री ऊनच करतं.

तयार फ्रॉक तीनदा आणून पाहिलेत जळगावहून.
तयार फ्रॉकला वाटतं, बाई म्हणजे एकच आकडा.
माझे तीन आहेत:
छाती चौतीस, कंबर तेहतीस, सीट बेचाळीस.
वर बसला तर खाली अडकतो,
खाली बसला तर खांदे दंडावर उतरतात
आणि दुकानातला पोरगा म्हणतो,
ताई, फिटिंग करून देतो ना.
कुठे कुठे करशील, बाबा.

म्हणून वर वेगळं, खाली वेगळं.

कोकिळाकाकू भिंतीवरून डोकावतात:
"अवं, कापड एकच नं, मंग दोन काहाले?"
मी म्हणते, काकू, ताटात भाजी वेगळी, भाकरी वेगळी
वाढता ना तुम्ही?
"घास त एकच करते," म्हणतात
आणि भिंतीमागे बुडतात, जिंकून.

आधी स्कर्ट. सहा कळ्या, डाव्या बाजूला चेन.
उजव्या शिवणीत खिसा, चांगला वीतभर खोल:
मोबाइल, पेन, पावत्यांचं पुडकं.
मी केळीच्या काट्यावर वजन लिहिते,
ट्रकमागून ट्रक,
पर्स उघडायला तिसरा हात कुठून आणू?

दुपारी लाइट गेली. कूलर थांबला.
मशीन चालूच,
अण्णांचं पायमशीन, पट्टा दोनदा सांधलेला.
घाम कापडावर पडू नये म्हणून
कपाळाला ओढणी बांधून मी बाह्या जोडल्या.
वही उंच धरली की टॉप वर सरकतो,
तर लांबी दोन बोटं जास्त ठेवली.

आणि मग तो हट्ट.
टॉपच्या कडेशी तुटलेली वेल
स्कर्टवर तिथूनच पुढे निघाली पाहिजे.
दोनदा उसवलं. टाचण्या तोंडात धरून
आरशासमोर उभी राहिले, श्वास रोखून.
जुळली.
श्वास सोडला,
वेल अर्धा इंच सरकली.

राहू दे.

काट्यावर स्कर्ट जातो, पांढऱ्या शर्टाखाली.
टॉप फैजपूरच्या बँकेत, काळ्या सलवारीवर.
दोन्ही मिळून एकदाच गेले,
यावलला, यामिनीच्या साखरपुड्याला.
तिथे कुणी म्हणालं, ड्रेस छान आहे.
मी म्हटलं, ड्रेस नाहीये तो.
त्यांना कळलं नाही, मीही समजावलं नाही,
वांग्याचं भरीत गार होत होतं.

पुढच्या आठवड्यात हिलालच्या खांद्यावरून घड घसरला
आणि चीक उडाला.
उडतो तेव्हा पाण्यासारखा,
संध्याकाळपर्यंत तपकिरी.
लिंबू, रॉकेल, दही, सगळं झालं.
केळीचा डाग म्हणजे केळीचाच,
तो कापडाच्या आधी जात नाही.

फ्रॉक असता तर फरशी पुसायला गेला असता, अख्खा.
इथे टॉप कपाटात कोरा,
आणि स्कर्ट आता कायमचा काट्याचा.
काल दुसरा डाग पडला,
मी वाकूनही पाहिलं नाही, वजन लिहीत राहिले:
अठरा किलो चारशे.

पाऊण मीटर उरलंय.
काल तिन्हीसांजेला कोकिळाकाकू आल्या,
भिंतीवरून नाही, दारातून,
पदराखाली काहीतरी घडी घातलेलं.
इकडे तिकडे पाहिलं, हळू आवाजात म्हणाल्या,
"माह्या परकराले
तेव्हढा खिसा लावून दे वं.
खोल लाव."