सदतिसावी बाटली

उप्सालात नोव्हेंबर सरत आला की
तीनलाच दिवे लावावे लागतात.
इल्वा कोपरापर्यंत हात घालून
आर्गॉन भरलेल्या पेटीत मीठ मोजते.
पानात वाढायचं नव्हे हे मीठ;
एका फॉस्फरसला बिलगलेले सहा फ्लोरिन,
आणि सोडियम शेजारी,
चपला न काढता बसलेल्या पाहुण्यासारखा.

सदतिसावी बाटली सप्टेंबरपासून
पंचावन्न अंशांवर उभी.
बाहेरून पुसली, तरी धुरकटच.
धूर आतल्या बाजूला आहे.

दुधात मिठाचा खडा पडतो, ऐकून आहोत.
इथे मिठातच पडलं पाणी,
दहा लाखांत वीस कण, फार नाही.
सहातला एक सुटला, आम्ल झाला,
काच चाटू लागला.
आणि काच खाल्ली की पुन्हा पाणीच उरतं,
पुढच्याला सोडवायला.

"झाकण कुणी लावलं?" तूरे विचारतो.
"मी."
तो काही बोलत नाही. कॉफी ओततो, दोन कपांत.

खाल्ल्या मिठाला माणसं जागतात म्हणे.
मिठानं कुणाला जागायचं,
आणि किती दिवस?

वहीत ती 'स्थिर' हा शब्द खोडते.
लिहिते: ऐंशी.
अडतिसावी उचलते, उजेडाकडे धरते.