मात्रेचे पैसे नाहीत

प्रचिती म्हणाली, काका, अंगठा दाबू नका, नुसता टेकवा.
घणसोली सेक्टर पाचला फ्लेक्सच्या दुकानात बसते ती.
त्याच दुकानाने माझा धंदा बसवला.
आता चहाही तिथेच मिळतो.

साइट नवी आहे, म्हणे. सगळेच नवीन आलेत,
तुम्हाला कुणी हसणार नाही.
आधी नाव मागितलं.
हसुराम म्हात्रे, मी लिहिलं
एका बोटाने, ब्रशशिवाय.
हे नाव आधीच घेतलेलं आहे.

कुणी घेतलं?
चाळीस वर्षं लोकांची नावं रंगवली मी,
डॉक्टरांची, वकिलांची, रसवंतीगृहांची,
माझंच तेवढं कुणी उचलून नेलं?
यंत्राने तोडगा काढला : हसुराम म्हात्रे ४७.
चालेल.
नंबराची सवय आहे आम्हाला.
शेत गेलं, फाइलीला नंबर होता,
साडेबारा टक्क्यांचा प्लॉट मिळाला, त्यालाही होता,
मध्ये वीस वर्षं फक्त नंबरच होता.

मग जन्मसाल.
बोटाने चाक फिरवायचं, सालं घरंगळत येतात.
दोन हजार सहा, फ्लेक्सचं मशीन आलं.
अठ्ठ्याण्णव, पहिली स्कूटर.
चौऱ्याऐंशीवर बोट अडलं.
ते साल आमच्यात कुणी पटकन सरकवत नाही.
प्रचिती म्हणाली, हँग झालं का?
नाही, म्हटलं. झालं पुढे.
छप्पन.

फोटो नव्हता, तर एक राखाडी मुंडकं चिकटवलं,
नुकतंच न्हाव्याकडून आल्यासारखं.
आवडी विचारल्या : क्रिकेट, पाककला, प्रवास, गुंतवणूक.
अक्षर नव्हतं त्यात.
मी पाककला दाबलं. उपाशी का राहा.

तुम्ही यांना ओळखत असाल :
पेडणेकर ड्रायक्लीनर्स.
ओळखतो तर! साडेतीनशे बाकी आहे,
दोन हजार नऊच्या दिवाळीपासून.
फॉलो करायचं का काका?
अगं, इतकी वर्षं दुसरं काय करतोय?

शेवटी एक रिकामी चौकट आली.
काय चाललंय? असं विचारत होती,
आणि कोपऱ्यात आकडा : तीनशे.
म्हणजे अक्षरांची हद्द. एवढं एक मला कळलं.
शटरची रुंदी बघून अक्षर बेतलंय मी जन्मभर,
'महालक्ष्मी इलेक्ट्रिकल्स ॲण्ड हार्डवेअर'
साडेसहा फुटांत बसवलंय, श्वास न कोंडता.

पण लिहायचं काय?
माझं स्वतःचं वाक्य असं एकही नव्हतं.
जे सगळ्यांत जास्त वेळा लिहिलं, तेच लिहिलं :
इथे थुंकू नये.

आकडा उतरला, तो भलताच.
'थुंकू' माझ्या हिशेबी दोन अक्षरं,
यंत्राने पाच धरली.
उकार वेगळा, अनुस्वार वेगळा.
आम्ही मात्रेचे पैसे कधी लावले नाहीत हो,
वेलांटी तर गिऱ्हाईकाला भेट.
वाळायची वाट बघू लागलो
तोवर ते गेलंसुद्धा.

संध्याकाळपर्यंत तिघांना आवडलं.
एक प्रचिती.
एक पेडणेकर, बाकीचं काही बोलला नाही.
आणि एक रबाळ्याची कुणी रुपल,
तिने फोटो टाकला खाली :
काका, ही भिंत तुमचीच का?

दिवा कोळीवाड्याची भिंत.
तो 'थ' माझाच, पोटात किंचित जास्त भरलेला.
खाऱ्या वाऱ्याने पोपडे निघालेत.
शेवटचा शब्द पूर्ण गेलाय,
उरलंय फक्त
इथे थुंकू
आणि लोक ऐकतायत, फोटोत दिसतं तसं.

रात्री माळ्यावरून डबा काढला.
लाल घट्ट झाला होता, टर्पेंटाइन घातलं, ढवळलं.
मोबाइल चार्जिंगला लावून
सकाळी निघालो ऐरोलीकडे.
दोन अक्षरांचं काम.
मात्रा माझ्याकडून.