वरोऱ्याचं पाणी

सुई टोचून झाल्यावर सिस्टर सगळ्यांना सांगते,
तीन तास बसा, भरपूर पाणी प्या.
मग आईची फाइल पाहून थांबते.
तुम्ही नको, मावशी.

आईच्या पिशवीत अर्ध्या लिटरची बाटली,
तिच्यावर मी नेलपॉलिशनं ओढलेल्या रेघा:
वणी, वरोरा, नागपूर, परत.
वरोऱ्याचं पाणी तिनं वाचवलंय.

बावीस वर्षं राजूरच्या भट्ट्यांवर
तिनं डोक्यावरून चुनखडी वाहिली.
पदराला चुना, पापण्यांना चुना,
भाकरीच्या पापुद्र्याला चुना.
आता डॉक्टर म्हणतात, गळ्यात
तुरीच्या डाळीएवढ्या चार गाठी असतात,
त्या फुगल्यात, आणि रात्रंदिवस
हाडांतला चुना उपसतात.
"मुकादम कोन हाय त्याईचा?" आई म्हणाली,
"सुट्टी देत नाही वाटते."

यंत्र खाली येतं, चेहऱ्यापासून वीतभर.
वीस मिनिटं हलायचं नाही.
मी जाड काचेपलीकडून पाहते:
पडद्यावर आधी काहीच नाही,
मग एकेक ठिपका,
गुळाला मुंग्या लागाव्यात तसे.
कवटी येते. जबडा येतो.
छातीच्या मधोमधचं हाड
साहेबाच्या टायसारखं लोंबतं,
बरगड्यांच्या टोकांना मणी.
चंद्रकला मारोती कुडमेथे, वय चोपन्न,
ठिपक्यांनी काढलेली.

"हाडंच सगळं औषध पिऊन बसलीत,"
यंत्रावरचा पोरगा म्हणतो,
"म्हणून एवढं ठसठशीत आलं.
दुसऱ्यांच्या फोटोत इथं किडन्या दिसतात."
आणि पेनाचं टोपण
दोन जागांवर ठेवून उचलतो.
तिथं नुसतं कोरं.

जामच्या चौफुलीला ऊन तिरपं झालेलं.
ती फिल्म एसटीच्या खिडकीला लावते.
"आन इथं?"
"किडन्या, आई."
"इथं तं काहीच नाही."
"हो."
ती बराच वेळ तिथंच बोट फिरवते.
"भट्टी खाली केली का आतून असंच दिसे.
गरम राहे पण.
हात नोको लावू म्हणे मुकादम."

घरी चिनू धावत येते.
तिला मी अर्ध्यातच उचलते:
आज आजीच्या मांडीवर नाही.
आजीतलं औषध बाकीच्यांसारखं
लघवीवाटे निघून जात नाही,
ते आत बसल्या बसल्या विझणार
उद्या सकाळपर्यंत,
हे पाच वर्षांच्या पोट्टीला कसं सांगावं.

आंगणाच्या दोन टोकांना दोघी,
मध्ये कोंबड्यांचं खुराडं.
"आजी, तू अंधारात चमकते का?"
"लाइन जाऊ दे, मंग पाहू."

त्या रात्री लाइन गेलीच नाही.
चिनू वाट पाहून पाहून खाटेवर झोपली.
आईनं बाटली बल्बासमोर धरून पाहिली
आणि वरोऱ्याचं पाणी
घरी आल्यावर प्यायली.