खेकड्याच्या पोटातलं जातं

खेकड्याच्या पोटात दात असतात. तीन.
हे मला आधी बाबांनी दाखवलं,
रोस्कॉफच्या धक्क्यावर, सुरीच्या टोकानं.
मी सात वर्षांची, बुटांत पाणी गेलेलं.
"बघ आनाइग, हा गिळून झाल्यावर चावतो.
आपल्या मादाम केमेनेर नाहीत का,
आधी बोलतात, मग विचार करतात."

ते जातं कोण फिरवतं ते बघणं
हेच आता माझं पोटापाण्याचं काम.
बर्फात निजवलेला खेकडा,
त्याच्या जठरावरून अलगद सोडवलेली तीळभर गाठ,
तीसएक पेशींची. नावानिशी ओळखते मी त्यांना.
बशीत थंड खारं पाणी. तारा टेकवल्या
की स्पीकरमधून येतं:
टक्. टक्-टक्. टर्र.
खेकडा नाही, पोट नाही, घास नाही,
तरी आतली चाळण चालूच.

पेशी पेशीला शिवत नाही.
मधे एक फट असते. मिलिमीटरचे
पन्नास हजार भाग करा, त्यातला एक.
तेवढ्यातही समुद्र.
अलीकडच्या काठावर इवल्या पिशव्या फुटतात,
सांगावा पोहत पलीकडे जातो,
कडी वाजवतो, निरोप देतो,
आणि तिथल्या तिथे त्याला मोडून टाकतात
किंवा गोळा करून माघारी नेतात.
नाहीतर तो तेच तेच सांगत बसेल.

आणि निरोप तरी काय? या गाठीत बहुतेक एकच:
थांब.
तू थांब. आता तू. आता तू.
एकमेकींना थांबवता थांबवताच चाल तयार होते.
हे कळायला मला दोन वर्षं लागली.

मग मी सोडते डोपामिनचा थेंब.
तो कुणाची कडी वाजवत नाही.
पाण्यात विरतो, घराघरात शिरतो,
कुणाचे कान तिखट करतो, कुणाची जीभ जड.
तारा त्याच, जोडण्या त्याच,
पण जिचा आवाज मोठा होता ती मिटते,
मागे राहणारी पुढे सरकते,
आणि त्याच तीस जणी
वेगळंच काही बोलू लागतात.
चवीपुरताच टाकायचा. जास्त झाला की सगळं बिघडलं.

बाबांच्या डोक्यात हाच थेंब आटत चाललाय.
सातला, अकराला, तीनला, पुन्हा सातला गोळी.
"म्हणजे माझं औषध तू खेकड्यांना पाजतेस,"
ते म्हणतात, "फुकट?"
चेहरा आता हसत नाही त्यांचा.
हसले, हे मी आवाजावरून ओळखते.

पन्नास वर्षं ओल्या फळीवर तोल सांभाळलेला माणूस
स्वयंपाकघराच्या दारात अडकतो.
सपाट फरशी. पाय रुतलेले.
आत कुठेतरी सगळे एकदम म्हणताहेत, थांब,
आणि 'आता तू' म्हणायला कुणी नाही.

काल तसंच झालं. आधीची गोळी उतरलेली,
पुढचीला वीस मिनिटं.
कांद्याचं सूप गार होत होतं.
मी ओढलं नाही, ओढलं की पडतात.
लाकडी चमच्यानं टेबलावर वाजवत राहिले
जे दिवसभर कानात असतं तेच:
टक्. टक्-टक्. टर्र.
टक्. टक्-टक्.
डावी टाच उचलली गेली.
"हे काय वाजवतेस?"
"खेकड्याचं पोट."

ते आत आले. खुर्ची त्यांनीच ओढली.
हात थरथरतच होता, दोन चमचे सूप मेजपोसावर.
मग म्हणाले, "त्याचं पुढे काय होतं?
बशीतल्याचं?"
"दोन दिवस चालतं. कधी तीन.
थंड ठेवलं तर."

बराच वेळ बोलले नाहीत.
बाहेर ओहोटी लागली होती, होड्या एका कुशीवर कललेल्या.
"मीठ दे," म्हणाले.