तीन मिलिमीटर

सातपूरच्या कंपनीत मी नापास करतो.
तेच माझं काम. बेअरिंगची कडी उचलायची,
गेज लावायचा, काटा बघायचा,
वीस मायक्रॉनच्या पुढे गेली की लाल खोक्यात.
केसाच्या जाडीचा चौथा हिस्सा.
एवढ्यावरून रोज चाळीस-पन्नास कड्यांचं
नशीब ठरवतो, आणि डबा खातो.

सुट्टी आमची शनिवारची.
शर्वी सकाळच्या शाळेला,
वैजयंता खाली शिवणाच्या मशीनवर,
आणि मी सिडकोतल्या आमच्या गच्चीवर उकिडवा,
साडूने पिंपळगावच्या द्राक्षांच्या शेडमधून
आणून टाकलेल्या फळ्यांसमोर.

फळ्या बघून वैजयंताने एकच विचारलं होतं,
"बंबात घालू, की तुम्ही काही करणार आहात?"
अशा प्रश्नांतूनच फर्निचर होतं.

करवत भद्रकालीतून आणली, रंधा गांगुर्ड्यांचा मागून.
खिळे फळ्यांचेच; उपटले, दगडावर ठेवून सरळ केले,
त्यात एक नख काळं झालं.
शर्वी आली ती दप्तरासकट वर.
पॉलिश पेपर घासता घासता म्हणाली,
"बाबा, लाकडाला अजून द्राक्षांचा वास येतोय."
मी हुंगलं. मला नुसता गंधकाचा आला.
हो म्हणालो.

रंग तिनेच काढला.
दुकानातल्या हिरव्यात गेटचा उरलेला निळा ओतला,
आणि जे झालं त्याला
वैजयंता म्हणाली मोरपिशी,
गांगुर्डे म्हणाले शेवाळी,
शर्वी म्हणाली, "त्याला नाव मी ठेवणार, पण आत्ता नाही."

संध्याकाळी स्टूल खाली उतरवलं.
गादी तयार होती, ब्लाउजांच्या कातरणाची,
गल्लीतल्या चौदा बायकांच्या लग्नकार्यांचे तुकडे,
मधोमध खणाचा एक त्रिकोण,
कुणाचा ते वैजयंता सांगत नाही.
शर्वी बसली.
टक.
पुढे झुकली.
टक.

मी व्हर्नियर काढलं. हो, घरात एक आहे.
मागचा डावा पाय तीन मिलिमीटर आखूड.
तीन हजार मायक्रॉन.
कंपनीत एवढी चूक झाली असती
तर माणूसच लाल खोक्यात गेला असता.

करवत शोधायला लागलो, करवत गायब.
पलंगाखाली नाही, पिठाच्या डब्यामागे नाही.
शर्वी स्टुलावर डोलत पाढा म्हणत होती,
सतरा एके सतरा, टक,
सतरा दुणे चौतीस, टक,
दिवाळीपासून न येणारा पाढा
सतरा साते एकशे एकोणीसपर्यंत गेला.
तिथे ती अडली, आणि स्टूलही तिच्यासाठी थांबलं.
कळण्याची भाकरी थापता थापता
वैजयंता मागे न बघता म्हणाली,
"ठेवा ते माप. कुठं पाठवायचंय, जर्मनीला?"

ठेवलं.
भाकरीसुद्धा त्या दिवशी एका बाजूने जाड होती.
मी दोन जास्त खाल्ल्या.

सोमवारपासून सेकंड शिफ्ट.
साडेबाराला बस त्रिमूर्ती चौकात सोडते,
कुत्री ओळखीची झालीत, एखादंच गुरगुरतं.
कुलूप हलक्या हाताने काढतो, दिवा लावत नाही,
बूट सोडायला स्टुलावर टेकतो.
टक.
आत वैजयंता कूस बदलते.
पूर्वी विचारायची, आलात का.
शर्वी झोपेत काहीतरी पुटपुटते,
सतरा आठे असावं.
मी अंधारात वाट बघतो, उत्तर येतंय का,
आणि मग दुसऱ्या बुटाच्या नाडीकडे वाकतो.