आठच्या आतलं रक्त

कॉर्टिसोल: ४.२.
शेजारी खाली तोंड केलेला बाण.
सावंतवाडीच्या लॅबचा हा कागद
मी घडी करून पिठाच्या डब्यावर ठेवला,
उघडला, परत ठेवला,
आता आकडा घडीवरच फाटायला आलाय.

गौरेश मिठागराच्या बांधावर बसून मीठ चाटतो
म्हणून मारलंय मी त्याला. दोनदा.
बोटांची पेरं काळवंडली तेव्हा
जाऊबाई म्हणाल्या, उन्हात हुंदडतो, दुसरं काय.
हिरड्यांना कुठलं ऊन लागतं,
हे मला तेव्हा सुचलं नाही.

ह्यांनी कागद घेतला. शाळा सातवीपर्यंत.
आकड्याकडे बघितलंसुद्धा नाही,
कोपऱ्यातली वेळ वाचली: अकरा चाळीस.
"त्या दिवशी एस्टी चुकलली मां?
गो, खाडयेत पाणी किती, असा कोण इचारता?
कधीचा, ता आधी सांग."

फोनवर डॉक्टर सामंत तेच बोलल्या,
फक्त शुद्ध मराठीत.
हे पहाटे चढतं, दुपारकडे उतरतं.
आपण ओहोटीला मोजलं, की मुळात पाणीच कमी,
आठच्या आत रक्त घेतल्याशिवाय कळायचं नाही.
मग इंजेक्शन, आणि तासाभराने पुन्हा सुई.

खालची ओळ मी विचारली, एसीटीएच,
तिचा बाण वर का?
"या तर खऱ्या," म्हणाल्या.

म्हणून उद्या रात्रीच वाडीत, मावशीकडे मुक्काम.
पिशवीत फाइल, त्याचा स्वेटर,
आणि कागदाच्या पुडीत खडेमीठ.
मागेल तेव्हा देणार आहे.